२०१८ चा एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) 'रूकी ऑफ द इयर', म्हणजे सर्वोत्तम नवख्या खेळाडूचा पुरस्कार, कुणाला मिळायला हवा होता: बेन सिमन्स की डोनोव्हन मिचेल?

माझं मत सिमन्सला. आणि मी मिचेलचा चाहता आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मिचेलवाल्यांचा मुख्य आक्षेप खेळावर नव्हताच. सिमन्स २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) निवडलेला पहिला खेळाडू. पायाच्या दुखापतीमुळे पहिला अख्खा हंगाम बाहेर बसला. मग तो 'नवखा' कसा, असा प्रश्न. मिचेलने तर 'रूकी' शब्दाची व्याख्या छापलेली हुडीच घालून टोमणा मारला. (टोमणा झकास होता, मानलं!) पण नियमाने, एकही सामना न खेळलेला खेळाडू नवखाच. ब्लेक ग्रिफिननेही असाच एक हंगाम गमावून २०११ मध्ये हा पुरस्कार घेतला होता.

आता खेळ. मिचेलची सरासरी २०.५ गुण, तेही १३व्या क्रमांकावर निवडला गेलेला पोरगा! त्याच्या युटा संघाच्या आक्रमणाचा भार त्याच्याच खांद्यावर होता. सिमन्सचे गुण १५.८, पण सोबत ८.१ रिबाउंड (हुकलेल्या नेमानंतर पकडलेले चेंडू) आणि ८.२ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेले पास). म्हणजे नुसत्या गुणांवर मिचेल, बाकी जवळपास सगळ्यात सिमन्स. शिवाय उंच असल्याने तो बचावात कुणालाही अडवायचा. त्याला बाहेरून नेम मारता येत नव्हता, हे खरंच. संपूर्ण हंगामात एकही थ्री-पॉइंटर (लांबून मारलेला, तीन गुणांचा नेम) नाही.

मतदानात मात्र चुरस दिसलीच नाही: पहिल्या पसंतीची १०१ पैकी ९० मतं सिमन्सला. एवढा फरक मलाही पटत नाही.