तर्री-पोह्यांनी थायरॉइड होतो का?

"मॅडम, पोट मीच बिघडवलं, म्हणून हे झालं ना?"

हाशिमोटोचं (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटते तो आजार) निदान झालेल्या बायकांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आज लिहायलाच बसले. आतड्यातले जीवाणू आणि थायरॉइड यांचं नातं फोनवर रोज वाचायला मिळतं. बायका त्यातून नेमका दोष तेवढा उचलतात.

इथल्याच एका शिक्षिकेनं तर वहीच आणली होती (ओळख पटेल असे तपशील बदललेत). सावजी, तर्री-पोहे, कॉलेजपासूनचं सगळं लिहिलेलं. "मी वर्षानुवर्षं हेच खाऊन राहिली होती ना!" पोळी सोडलेली, आणि 'आधी पोट सुधारू' म्हणून थायरॉइडची गोळीही बंद.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "बद्धकोष्ठ केव्हापासून?"

"थकवा सुरू झाल्यावर."

"आणि गोळी चालू होती तेव्हा?"

ती बराच वेळ पानं उलटत राहिली. "कमी झालं होतं. बंद केली अन् परत..." मग हळूच, "म्हणजे आजारानंच पोट बिघडवलं?"

हे तिच्याच अक्षरात होतं. मी फक्त बोट ठेवलं. थायरॉइड मंदावला की आतडीही मंदावतात, तिथले जीवाणूही बदलू शकतात. हाशिमोटोत ते वेगळे आढळतात हे खरंच, पण आधी कोण बिघडलं हे त्यावरून ठरत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

मला वाटलं, आता तिला हलकं वाटेल. ती रडली. "माझी चूक नसेल तर मी दुरुस्त काय करू?" तेव्हा मला उमगलं: दोष स्वतःकडे घेतला की सूत्रंही आपल्या हाती आहेत असं वाटतं. म्हणून तो सुटत नाही. माणूस घटनेपेक्षा तिच्या अर्थानं जास्त पोळतो, यावर माझा विश्वास त्या दिवशी आणखी पक्का झाला.

हातात काय आहे, तेही सांगते. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. ती उपाशीपोटी, पाण्यासोबत. चहा-नाश्ता अर्धा ते एक तासानं. लोह-कॅल्शियम 4 तासांच्या अंतरानं. डोस बदलला की 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. गव्हाची शंका असेल तर सीलिएकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) तपासणी पोळी खात असतानाच करा. आधीच सोडली तर तपासणी चुकू शकते. ताक, भाजी, डाळ जरूर खा, पण गोळीच्या जागी नको.

तिनं गोळी पुन्हा सुरू केली. वही अजून लिहिते, त्यात आता गोळीची वेळ आणि झोप असते.