बंटरला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: डोरोथी सेयर्सच्या इंग्रजी रहस्यकथांतल्या लॉर्ड पीटर विम्झी या हौशी गुप्तहेराचा नोकर बंटर हा बटलर की व्हॅले? आणि भाषांतरात त्याच्यासाठी कोणता मराठी शब्द वापरावा?

बंटर व्हॅले आहे. बटलर हा घराचा माणूस. मोठ्या हवेलीतल्या नोकरांचा प्रमुख, आणि मुळात मद्याच्या कोठाराचा कारभारी. त्या शब्दाच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधला बाटलीवाचक शब्द आहे. व्हॅले हा मालकाचा माणूस. कपडे, दाढीचं सामान, प्रवासाच्या बॅगा हे सगळं त्याच्याकडे, आणि मालक जाईल तिथे तोही जाणार. पीटर हा ड्यूकचा धाकटा मुलगा, लंडनच्या पिकॅडिलीतल्या फ्लॅटमध्ये एकटा राहणारा. तिथे बटलरची वेगळी जागाच नाही, म्हणून न्याहारीपासून पोर्ट वाइनच्या बाटल्यांपर्यंत सगळं बंटरच बघतो. गोंधळ होतो तो त्यामुळे. वुडहाउसच्या विनोदी कथांतल्या जीव्ह्जलाही लोक सर्रास बटलर म्हणतात, पण तोही व्हॅलेच.

मराठीत 'नोकर' फार ढोबळ आणि 'गडी' साफ चुकीचा. 'खिदमतगार' भारदस्त आहे, पण इंग्रज साहेबांच्या घरी तो पानावर वाढणारा माणूस असे. अर्थाने सगळ्यांत नेमका शब्द म्हणजे 'हुजऱ्या'. हुजूर म्हणजे समक्षता, धन्याची सन्निधता. सतत जवळ असणारा खासगी सेवक तो हुजऱ्या. (पुण्यातल्या हुजूरपागेच्या नावातला हुजूरही हाच.) पण आज 'हुजरेगिरी' म्हटलं की लाळघोटेपणाच डोळ्यांसमोर येतो, आणि बंटरमध्ये त्याचा लवलेशही नाही. तो बोटांच्या ठशांचे फोटो काढतो. १९२३च्या पहिल्याच कादंबरीत तो संशयिताच्या नोकराला घरी बोलावून खाऊपिऊ घालतो, त्याच्याकडून हवी ती माहिती काढतो आणि पत्रातून धन्याला सविस्तर कळवतो. अशा माणसाला आजच्या वाचकासमोर हुजऱ्या म्हणून उभं करणं मला पटत नाही. मी पहिल्या उल्लेखात 'खासगी सेवक' लिहीन आणि पुढे नुसतं 'बंटर'. मूळ इंग्रजीतही पीटर त्याला नुसत्या आडनावानेच हाक मारतो. त्याचं मर्विन हे नाव क्वचितच कानावर पडतं.

मात्र भाषांतरकाराची खरी परीक्षा या नामापेक्षा सर्वनामात आहे. इंग्रजीत एकच 'यू' आहे. मराठीत पहिल्याच संवादाला अरे-तुरे की अहो-जाहो हे ठरवावं लागतं. सवयीने धन्याच्या तोंडी 'तू' येईल. मी 'तुम्ही' घालीन. पहिल्या महायुद्धात पीटर अधिकारी होता आणि बंटर त्याच्या हाताखालचा सार्जंट. दोघं जगले-वाचले तर नोकरी देण्याचा शब्द पीटरने दिला होता, आणि त्याप्रमाणे बंटर त्याच्याकडे आला. युद्धाने खचलेल्या पीटरला त्यानेच सावरलं. या नात्याला 'तू' तोकडा पडतो.

उलट दिशेने तर 'आपण'च. पण एक जागा अशी आहे की तिथे 'आपण' मोडलाच पाहिजे. त्याच पहिल्या कादंबरीत एका रात्री पीटरला पुन्हा युद्धाचा झटका येतो. शत्रू जमिनीखाली सुरुंग खणत असल्याचा आवाज ऐकू येतोय, असं त्याला वाटतं. बंटर त्याची समजूत घालतो, त्याला अंथरुणात झोपवतो, झोप लागल्याची खात्री करून घेतो आणि मग मायेने एक शिवी हासडतो. आणि लेखिका तिथे त्याला नुसतं बंटर न म्हणता 'सार्जंट बंटर' म्हणते. मराठीत तिथे 'वेडा कुठला!' किंवा 'येडं लेकाचं!' असंच काही हवं, सरळ एकेरीत. आणि ते वाचकाच्या अंगावर यायचं असेल, तर तोवरच्या पानांत बंटरच्या तोंडून एकदाही एकेरी निसटलेलं चालणार नाही.

संबोधनाचं म्हणाल तर बंटरच्या 'माय लॉर्ड'साठी 'माझे स्वामी' अजिबात नको. 'सरकार' चांगला बसतो. शिवाय धाकट्या मुलाची पदवी नुसती मानाची असल्याने ती त्याच्या स्वतःच्या नावाला लागते. तेव्हा लिहिताना नेहमी 'लॉर्ड पीटर'. 'लॉर्ड विम्झी' कधीच नाही.