माळ्यावरची फाइल

"तिला खरं सांगितलं तर ती आम्हाला सोडून जाईल का हो?" दत्तक घेतलेल्या मुलांचे आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे बहुतेक वेळा हाच प्रश्न घेऊन येतात. मुलुंडच्या या जोडप्याचाही तोच होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी 12 वर्षांची. शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला आणि तिनं विचारलं, "आई, मी झाले तेव्हा तू कुठल्या हॉस्पिटलात होतीस?"

आईनं सुचेल ते सांगितलं. मग ते टिकवायला आणखी काही. धो धो पाऊस, बंद पडलेल्या लोकल, टॅक्सीत सुरू झालेल्या कळा. लेकीला ती गोष्ट इतकी आवडली की ती पाहुण्यांनाही सांगू लागली. "ती सांगायला लागली की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते," आई म्हणाली.

वडील म्हणाले, "ताई, कायद्यानंच सगळं गुप्त ठेवलंय. मग आपण कशाला उकरायचं?"

ही गल्लत मला फार घरांत दिसते. आपल्याकडे जन्मदात्रीला मूल कुठे गेलं ते सांगत नाहीत, दत्तक पालकांना तिचं नाव सांगत नाहीत. बालकल्याण समितीपुढे मूल सोपवल्यावर तिला फेरविचाराला 60 दिवस मिळतात, नंतर नाही. ही गुप्तता तिला जपण्यासाठी आहे. अनेकदा ती एकटी असते, बदनामीला घाबरलेली. पण मुलीपासून तिचं दत्तक असणं लपवा, असं कायदा कुठेच म्हणत नाही. 18 पूर्ण झाल्यावर मुलगी स्वतः आपल्या मुळांच्या, म्हणजे जन्मदात्या कुटुंबाच्या, शोधासाठी अर्ज करू शकते, त्याआधी आईवडिलांबरोबर. जन्मदात्रीनं नाव उघड करू नका असं सांगितलं असेल, तर तिची संमती घ्यावी लागते.

"म्हणजे अजून सहा वर्षं आहेत," वडील म्हणाले.

"तोवर कुठल्यातरी लग्नघरात कुणी काकू बोलून जाईल," मी म्हटलं. असं कळलेली मुलं मी पाहिली आहेत. दत्तक असण्याचं दुःख ती पचवतात. सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं आणि फक्त मला नव्हतं, हे त्यांना पचत नाही.

तिसऱ्या भेटीनंतर त्यांनी घरीच सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "आणि पाऊस?"

"तो मी रचला."

त्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. दोन दिवस ती आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं फाइल मागितली, बाबा माळ्यावर चढले. आत नाव नव्हतं, गाव नव्हतं. वैद्यकीय अहवालात जन्माचं वजन होतं: 1 किलो 900 ग्रॅम.

"एवढीशी?" तिनं ते दोनदा वाचलं. मग आईकडे न बघताच विचारलं, "तू मला घरी आणलंस तेव्हा किती होतं?"

आईला ते ग्रॅमसकट पाठ होतं.