‘मॅडम, खाज मनाचीच आहे का ओ?’

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘मनाचं आहे, लक्ष देऊ नको.’ सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एका ताईंचाही हाच प्रश्न होता. नडग्यांवर चण्याएवढ्या गाठी, दोन वर्षांची खाज.

“मांडीवर विड्यांचं सूप असलं की काही नाही. रात्री पडलं की सुरू. मालक म्हणतात, नाटकं हायती.”

रात्री अंग तापतं, हात रिकामे असतात. त्यात नाटक कसलं? त्यांना आठवडाभर कॅलेंडरवर एवढंच लिहायला सांगितलं : आधी खाज, की आधी काही लागलं?

पुढच्या वेळी त्या थबकतच म्हणाल्या, “साडीचा काठ लागला की सुरू होतं ओ. नुसता काठ!”

इथेच गाठ सुटली. सहा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खाजेत मज्जातंतूच बदलू शकतात. अशा गाठींच्या बायोप्सीत (छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) कातडीच्या वरच्या थरातले तंतू विरळ, खालच्या थरातले दाट दिसतात. नखांनी वरचे झिजतात. सुजेतली रसायनं खालच्यांना चिथावतात. मग साधा स्पर्शही खाज होऊन मेंदूत पोचतो. या खाजेत हिस्टामीनचा, म्हणजे ॲलर्जीत खाज आणणाऱ्या रसायनाचा, वाटा थोडा, म्हणून ॲलर्जीच्या गोळीने झोप येते, खाज जात नाही. ‘मनाची की अंगाची’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. मन शिणलं की खाज वाढते, पण ती वाहून नेणारी तार खरी असते.

त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार चालूच ठेवले. (खरूज, साखर, किडनी, लिव्हर, थायरॉइड आधी तपासायलाच हवं.) सोबत, खाजवायला हात निघाला की मिनिटभर मूठ घट्ट. खाजेवर गार ओला फडका दहा मिनिटं, बर्फ थेट नको. कोमट पाण्याने झटपट आंघोळ, अंग टिपून तीन मिनिटांत पेट्रोलियम जेली. तंबाखूचा हात धुतल्याशिवाय पायाला लावायचा नाही. कढत पाणी ओतल्यावर बरं वाटतं, पण कातडी आणखी कोरडी पडते. मेडिकलमधून स्वतःच आणलेली स्टेरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने चोळली तर कातडी पातळ होते. त्यांनी तीच चूक केली होती.

यजमानांना एकदा बोलावून बायोप्सीचं चित्र कागदावर काढून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. त्यानंतर रात्रीचा फडका तेच भिजवून देऊ लागले.

गाठी तीन महिन्यांत बसू लागल्या, पण काठाची खाज रेंगाळली. परवा ताई म्हणाल्या, “काठ लागला ओ मॅडम. हात गेला नाही.”