रीस्टार्ट, गायब झालेलं शून्य आणि न उघडणाऱ्या जुन्या फाइली

यावेळी पत्रं भरपूर आली आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एक वाक्य सारखंच होतं, "माझंच काहीतरी चुकत असेल". ते वाचून मला खरंच वाईट वाटतं. म्हणून आधीच सांगते, खालच्या एकाही प्रश्नात विचारणाऱ्याची चूक नाहीये.

प्रश्न : ताई, मी शाळेत शिकवते. मुलांची यादी शीटमध्ये भरली तर फोन नंबरच्या सुरुवातीचं शून्य उडालं, प्रकरण "३-४" लिहिलं तिथे तारीख आली, आणि लांबलचक खाते नंबर तर काहीतरी ई प्लस पंधरा असा दिसतोय. दोन वेळा सगळं परत टाइप केलं तरी तेच. काय करू?

परत टाइप करू नका, तिसऱ्यांदाही तेच होणार. एक्सेलसारखी शीट तुम्ही काय लिहिलंय याचा स्वतःच अंदाज बांधते. फक्त आकडे दिसले की ती म्हणते ही संख्या, मग संख्येच्या सुरुवातीच्या शून्याला किंमत नाही म्हणून ते काढून टाकलं. मधे आडवी रेघ दिसली की म्हणते ही तारीख, आणि मग कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे ३ एप्रिल नाहीतर ४ मार्च. अकरापेक्षा जास्त आकडे झाले की ती ई वालं रूप दाखवते, तिथपर्यंत ठीक आहे कारण ते फक्त दिसण्यापुरतं असतं, पण पंधराच्या पुढचे आकडे ती साठवतच नाही, त्यांच्या जागी सरळ शून्य घालते. म्हणजे १६ आकडी नंबरातला शेवटचा आकडा कायमचा गेला, तो कुठल्याच बटणाने परत येत नाही, मूळ कागद बघूनच भरावा लागतो. शेवटी शून्य असलेले सगळे लांब नंबर एकदा कागदाशी ताडून बघा ही माझी कळकळीची विनंती.

उपाय मात्र सोपा आहे, फक्त तो *आधी* करायचा. रिकामा कॉलम निवडा, उजवं क्लिक, फॉरमॅट सेल्स, त्यात टेक्स्ट, आणि मग भरायला लागा. एखाद-दुसराच नंबर असेल तर आकड्याच्या आधी एक अपॉस्ट्रॉफी टाका, ती चौकटीत दिसत नाही पण शीटला कळतं की हे जसंच्या तसं ठेवायचंय. ज्या नंबरावर बेरीज-वजाबाकी करायची नाही तो नंबर म्हणजे टेक्स्ट, एवढं धरून चला, फोन नंबर, रोल नंबर, खातं, पिनकोड सगळं त्यात आलं. आणि कुणी सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविराम घालून लिहिलेली साधी यादी, पाठवली तर डबल क्लिक करून उघडू नका, रिकामी शीट उघडून डेटा मेनूतून आत घ्या, तिथे कॉलमचा प्रकार निवडता येतो. चुकून डबल क्लिक झालंच तरी घाबरू नका, फाइल सेव्ह करेपर्यंत मूळ माल सुरक्षित असतो, सेव्ह न करता बंद करा.

यात तुम्ही एकट्या नाही. माणसाच्या काही जनुकांची नावं इंग्रजीत मार्च१, सेप्ट२ अशी होती आणि शीट त्यांच्या तारखा करून टाकायची. २०१६ मध्ये काही संशोधकांनी तपासलं तर एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचातल्या एकात ही चूक निघाली. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली, मार्च१ चं मार्चएफ१ झालं. एक्सेलमध्ये ही आपोआप बदलाबदल बंद करायची सोय आली ती २०२३ मध्ये. नवीन आवृत्ती असेल तर ऑप्शन्समधे डेटा या भागात बघा. माणसाच्या जनुकाचं नाव बदलणं आधी झालं आणि सॉफ्टवेअरची सवय बदलणं नंतर, हे मला आजही पटत नाही.

प्रश्न : मी रोज रात्री कॉम्प्युटर नीट शटडाउन करतो, तरी तो दिवसेंदिवस रेंगाळतोय. दुरुस्तीवाल्याने फक्त रीस्टार्ट केला आणि तो पळायला लागला. बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट यात फरक काय?

पूर्वी नव्हता, आता आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आणि बहुतेक कॉम्प्युटरवर ती आधीपासून चालूच असते. यात शटडाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा आतला गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरचे वेगवेगळे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम, जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. म्हणजे ड्रायव्हरमध्ये एखादी गाठ बसली असेल तर रोज तीच गाठ परत येते, तुम्ही कितीही शिस्तीने बंद करा. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समधे सीपीयू, खाली अप टाइम, म्हणजे पूर्ण बंद न होता किती वेळ झाला ते, दिसेल. रोज बंद करणाऱ्यांना तिथे कितीतरी दिवसांचा आकडा बघून धक्का बसतो. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा, तेव्हा तो पूर्ण बंद होतो. फास्ट स्टार्टअप कायमचं काढायचं असेल तर कंट्रोल पॅनेलमधे पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांनी काय करावं ते ठरवायचं पान, तिथली खूण काढा. तुमच्याकडे एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, असेल तर ते काढून फारसं काही बिघडत नाही असं माझं मत आहे, चालू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील इतकंच. आणि फॉरमॅट मारा असं कुणी सांगितलं तर आधी हे करून बघा.

प्रश्न : घरचा जुना डेस्कटॉप. हल्ली कुठलीही साइट उघडली की "कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं, बँकेच्या साइटलासुद्धा. व्हायरस असेल का?

आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मला वाटतं ती काही वर्षं मागची असेल. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालणारं, आणि तुमच्या कॉम्प्युटरला वाटतंय की ते अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो नको म्हणतोय. मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवर, एक चपटा गोल सेल असतो, वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं, तो संपला की तारीख मागे जाते. डेस्कटॉपमधे बहुधा सीआर२०३२ असतो, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड, नावातच माप आहे. तारीख हाताने बरोबर करा, ब्राउझर बंद करून उघडा, साइट चालली तर निदान पक्कं. रात्रभर प्लग काढून ठेवल्यावर परत तारीख मागे गेली की सेल बदला.

एक मात्र करू नका, "तरीही पुढे जा" हे बटण बँकेच्या साइटवर कधीच दाबू नका. तारीख बरोबर असूनही तो इशारा येत असेल तर तो खरा इशारा समजा.

प्रश्न : माझ्या वडिलांनी वीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर आठवणी टाइप करून ठेवल्या होत्या. ते आता नाहीत. फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, एक शब्द वाचता येत नाही. फाइल खराब झाली का? मूळ मजकूर कायमचा गेला का?

गेला नाही. हे पहिलं ऐका, बाकीचं सावकाश वाचा.

आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते युनिकोडमधे. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे, देवनागरीसाठी १२८ जागांचा एक वेगळा गट १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. पण तुमच्या वडिलांनी लिहिलं त्या काळात घराघरातल्या कॉम्प्युटरवर ते सर्रास वापरलं जात नव्हतं, म्हणून श्रीलिपी, कृतिदेव असले फॉन्ट वापरायचे. त्या फॉन्टांची युक्ती अशी होती की आतमधे साठवायचं इंग्रजीच अक्षर, फक्त पडद्यावर त्याचं चित्र मराठी काढायचं. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. तुमच्या वडिलांनी दाबलेली एकूण एक की त्या फाइलमधे जागच्या जागी आहे.

आता काम कसं करायचं. मूळ फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून बाजूला ठेवा, तिला हात लावायचा नाही. दुसरी प्रत वर्डमधे उघडा, मजकूर निवडा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव दिसतंय ते लिहून घ्या, फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला तरी नाव तिथे दिसतं. तो फॉन्ट मिळवून टाकलात की मजकूर लगेच वाचता येईल, आणि त्याच क्षणी पीडीएफ करून ठेवा, म्हणजे त्यांनी जसं लिहिलं तसं दिसणारी एक प्रत कायमची झाली. मग युनिकोडमधे बदलायचं, त्यासाठी फॉन्टनुसार वेगवेगळे कन्व्हर्टर असतात, कृतिदेवचा श्रीलिपीला चालत नाही. मजकूर घरगुती असेल तर ऑनलाइन कन्व्हर्टरमधे टाकण्यापेक्षा आपल्या कॉम्प्युटरवर चालणारा शोधा.

कन्व्हर्टरने सगळं बरोबर येत नाही, आणि चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. जुन्या पद्धतीत टाइपरायटरसारखी पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर दाबायचे, युनिकोडमधे अक्षर आधी. रफाराचं उलटं, "वर्ग" लिहिताना जुन्यात व, ग आणि मग रफार, युनिकोडमधे र आधी येतो. त्यामुळे "स्थिती", "निर्मिती", "आर्थिक" असे शब्द हमखास मोडतात. शेजारी पीडीएफ उघडा आणि ऱ्हस्व वेलांटी नि रफार या दोनच गोष्टींवर नजर ठेवून वाचत जा, काम खूप लवकर होतं. मी माझ्या आत्याची वही अशीच उतरवली, दिवसाला पाच पानं, आणि खरं सांगते, त्या वाचण्याच्या निमित्ताने ती मला नव्याने कळली. घाई करू नका.

प्रश्न : ऑनलाइन फॉर्ममधे फोटो ५० केबीच्या आत मागतात. माझा फोटो ४ एमबीचा. कापून लहान केला तरी तीन एमबीच राहतो. आणि हे करेपर्यंत फॉर्मचं सेशन संपतं!

केबी हे कडेचं कापून फार कमी होत नाहीत, फोटोतले एकूण ठिपके कमी करावे लागतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, एक कोटी वीस लाख ठिपके. आणि पासपोर्ट आकाराच्या फोटोला, ३५ बाय ४५ मिलिमीटर छापायचा म्हटला तरी, ४१३ गुणिले ५३१ पुरतात, म्हणजे सव्वादोन लाखांच्याही आत. तेव्हा आधी चेहरा कापून घ्या, मग रीसाइझमधे जाऊन ही मापं द्या, मग जेपीजी म्हणून सेव्ह करा, बहुतेक वेळा ५० च्या आत येतोच, नाही आला तर क्वालिटी थोडी उतरवा. दर वेळी मूळ फोटोपासूनच सुरुवात करा कारण जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह केला की चेहरा पुसट होत जातो. फाइलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिलं म्हणजे ती जेपीजी होत नाही. आयफोनवाल्यांनी बघा, फोटो हेइक प्रकारचा असू शकतो आणि बरेच फॉर्म तो घेतच नाहीत.

सेशनसाठी एकच, फॉर्म उघडायच्या *आधी* फोटो, सही, कागद सगळं एका फोल्डरमधे तयार ठेवा आणि लांब उत्तरं नोटपॅडमधे लिहून मग चिकटवा. मर्यादा आधी सांगायची आणि तिथेच फोटो लहान करून द्यायचा हे काम खरं फॉर्म बनवणाऱ्यांचं आहे, लाखो लोकांनी एकेकट्याने करायचं नाही.

प्रश्न : मोबाइल सारखा "स्टोरेज फुल" म्हणतो. दोनशे फोटो उडवले तरी जागा तेवढीच.

ते अजून कचऱ्याच्या डब्यात आहेत, गॅलरीतला बिन रिकामा करा. मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधे स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज, तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या काढून दाखवतो, खरी जागा तिथे अडकलेली असते. ॲपच्या माहितीत "क्लिअर कॅश" बिनधास्त दाबा पण "क्लिअर डेटा" नाही, त्याने ॲपमधली तुमची माहितीच जाते. आणि गूगल फोटोजमधे फोटो डिलीट केला तर तो क्लाउडवरूनही जातो, फक्त मोबाइलमधली जागा हवी असेल तर "फ्री अप स्पेस" वापरा.

प्रश्न : मी एकाहत्तर वर्षांची. मोबाइल आपोआप अपडेट झाला आणि सगळं जागचं हललं. मुलगा दोनदा दाखवून गेला, तिसऱ्यांदा विचारायला संकोच वाटतो.

आजी, संकोच अजिबात करू नका. रोजच्या हाताखालची वस्तू कुणी न विचारता हलवली तर कुणीही गोंधळेल, मीही गोंधळते. तुमच्यासाठी एकच सांगते, सेटिंग्ज उघडलं की सगळ्यात वर नाहीतर भिंगाच्या खुणेत शोधायची चौकट असते. कुठलं काय कुठे गेलं ते शोधत बसू नका, त्या चौकटीत नाव लिहा, "फॉन्ट", "रिंगटोन", "वायफाय", आणि तो थेट तिथे नेतो. अपडेटने मेनू हलतात, ही चौकट सहसा जात नाही. मोबाइल मराठीत ठेवला असेल तर मराठीत लिहा. आणि मुलगा पुढच्या वेळी दाखवेल तेव्हा त्याला म्हणा, हात तू लावू नकोस, मीच दाबते, तू फक्त सांग. एकदा स्वतःच्या बोटाने केलं की लक्षात राहतं, आणि तरी नाही राहिलं तर मला परत लिहा, पडद्यावर जी अक्षरं आलीत ती जशीच्या तशी कागदावर उतरवून पाठवा, त्यावरून मला सांगता येईल.