शाळेतल्या गैरसोयीबद्दल मुलीने लिहिलं, म्हणून 'दाखला देऊ' म्हणतात. मुलांना बोलायचा हक्क आहे का?

तुम्ही लिहिलंय की लेक कोल्हापुरात महापालिकेच्या शाळेत सातवीला आहे. तिने भित्तिपत्रकात 'मुलींच्या संडासात पाणी नसतं' असं लिहिलं, तर कागद काढला आणि 'परत लिहिलंस तर दाखला हातात देऊ' असा दम दिला. अमेरिकेत म्हणे शाळकरी मुलांना असा हक्क आहे, मग आपल्याकडे का नाही, हे तुम्ही विचारताय.

आपल्याकडेही आहे. मी २८ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो, म्हणून ठामपणे सांगतो.

आधी दाखल्याची भीती मनातून काढा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला नापास करायची वाट मोकळी केली, काढून टाकायची नाही. कलम १७ मानसिक छळालाही मनाई करतं, आणि बारा वर्षांच्या पोरीला दाखल्याची भीती घालणं हा माझ्या मते छळच.

त्याच कायद्याचं कलम २९ शिक्षकांनीसुद्धा फारसं वाचलेलं नसतं. मूल भीतीतून मुक्त व्हावं आणि त्याला आपली मतं मोकळेपणाने मांडायला मदत व्हावी, असं शिकवणं हवं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुमच्या लेकीने जे केलं, ते शिकवणं शाळेचंच काम होतं.

अमेरिकेतला तो निकाल १९६९ चा. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून आलेल्या मुलांना शाळेने घरी पाठवलं होतं. शाळेच्या फाटकाशी मुलांचा हक्क संपत नाही, शिकवण्यात मोठा व्यत्यय येत असेल तरच अडवता येईल, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आपल्याकडे १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला बघा. केरळमधली तीन भावंडं धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हणत नव्हती, पण ते चालू असताना आदराने उभी राहायची. शाळेने काढलं, उच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. संविधानाच्या अनुच्छेद १९ मधलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य 'सर्व नागरिकांना' आहे, त्याला वयाची अट नाही. त्यावर बंधनंही आहेत, बदनामी, सभ्यता, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. कुणा बाईंना नाव घेऊन शिव्या दिल्या असत्या तर गोष्ट वेगळी. संडासात पाणी नाही, हे त्यात कुठेच बसत नाही.

हे मी एवढं पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने भित्तिपत्रकात लिहिलं होतं, 'खिचडीत खडे असतात.' दुसऱ्या दिवशी तपासणी होती. वरून निरोप आला आणि मी माझ्या हाताने टाचण्या काढल्या. ती दारात उभी राहून बघत होती. २६ जूनला शाहू जयंतीचं भाषण तिच्याकडून आम्हीच पाठ करून घेतलं होतं, ते तिने खणखणीत म्हटलं होतं. त्यानंतर वर्षभर तिने मनाचं एक वाक्य लिहिलं नाही, निबंधसुद्धा गाईडातला उतरवायची.

म्हणून लेकीला माफी मागायला लावू नका. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या: पाण्याची सोय कधी होणार, आणि कागद कोणत्या नियमाने काढला, हे लेखी कळवा. पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात, त्यांच्यापुढे विषय ठेवा. तिथे हललं नाही तर महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीकडे लेखी तक्रार करा, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली ती घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला लेकीची तयारी असेल तर तिलाही न्या, आणि तो कागद तिलाच वाचू द्या.