कुटुंबासोबत फिरण्यासाठी घरीच विमान बांधावं का?

तुम्ही डॅलसजवळ राहता, खासगी वैमानिकाचा परवाना आहे, 130 तास उड्डाण झालंय, मुली आठ आणि पाच वर्षांच्या आहेत, भाऊ सेंट लुईसला राहतो. गाडीने जायला अख्खा दिवस मोडतो, म्हणून व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या आरव्ही-10चं किट (सुट्या भागांचा संच) आणून गॅरेजमध्ये चार आसनी विमान बांधायचं मनात आहे. त्यात घरी विमान बांधणाऱ्या इंग्लंडमधल्या अशोक थामरक्षन यांची बातमी वाचल्यापासून झोप उडालीय. बांधावं का, असं विचारलंय.

मी ओहायोत हेच विमान बांधलंय. पहिलं रिव्हेट (पत्रे जोडणारा खिळा) मारलं तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता, मुलगी तीनची. विमान तयार व्हायला सात वर्षं चार महिने लागले, मग चाचण्या. चौघं पहिल्यांदा एकत्र उडालो तेव्हा मुलगा चौदाचा झाला होता. ज्या वयात तो खिडकीला नाक लावून बसला असता, ते वय गॅरेजमध्येच सरलं. म्हणून तुम्हाला अगदी मनापासून सांगतो, निव्वळ फिरण्यासाठी बांधणार असाल तर बांधू नका. जुनं, नीट राखलेलं सेसना 182 हे कारखान्यात बनलेलं चार आसनी विमान दोघा-तिघांत मिळून घ्या आणि येत्या दिवाळीलाच भावाकडे जा. बांधायचं तर बांधण्याच्या ओढीने बांधा.

किट निवडण्यात तुमचं काही चुकलेलं नाही. आरव्ही-10 या कामासाठी खरंच उत्तम आहे. कमाल वजन 2700 पाउंड. विमान रिकामं साधारण 1650 भरतं (प्रत्येकाचं थोडं वेगळं), म्हणजे 1050 उरले. टाक्या भरल्या की 60 गॅलनचे 360 गेले. राहिले 690, त्यात सामान जास्तीत जास्त 100. पण हा हिशेब आजच्या मुलींच्या वजनाने करू नका, पंधरा आणि बारा वर्षांच्या मुलींच्या वजनाने करा. तरीही बसेल. आजी मात्र बसणार नाही, जागा चारच. डॅलस ते सेंट लुईस हवेतून साडेपाचशे मैल, म्हणजे या विमानाने तीन तासांच्या आसपास.

अशोक यांनी स्लिंग टीएसआय हे चार आसनी विमान लॉकडाउनमध्ये घरी बांधायला घेतलं, दीड वर्षात उभं केलं आणि धाकट्या मुलीचं नाव दिलं, जी-दिया. मला त्यांचा फार आदर वाटतो. पण तुम्ही त्यातले दीड वर्ष धरू नका. आरव्ही-10ला साधारण 2000 तास धरा. नोकरी सांभाळून आठवड्याला आठ तास मिळाले तर 250 आठवडे, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. आणि दर आठवड्याला आठ तास मिळत नाहीत. भारतवारी असते, मूल आजारी पडतं, मे महिन्यात आई-बाबा येतात. आपल्याकडे अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते 2016मध्ये मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आलं आणि नोंदणी मिळायला 2017 उजाडलं. त्यामागे कितीतरी वर्षांचा ध्यास होता.

एवढा वेळ का लागतो? शेपटीचं किट आलं की खोका उघडून दोन दिवस घर हरखून जातं. मग पत्र्याच्या प्रत्येक तुकड्याच्या कडा घासायच्या, प्रत्येक भोकाची खरखर काढायची, भोकाला खोलगट आकार द्यायचा, प्रायमर मारायचा, क्लेकोंनी (काढता येणाऱ्या चिमट्यांनी) तात्पुरतं जोडायचं आणि मगच रिव्हेट. अशी हजारो भोकं. बऱ्याच ठिकाणी एकाने रिव्हेट गन चालवायची आणि दुसऱ्याने आतून बकिंग बार, म्हणजे रिव्हेटमागे टेकवायचा जड धातूचा ठोकळा, धरायचा. तो बार आमच्याकडे बायकोने धरला, नंतर मुलाने. रात्री जेवण झाल्यावर कानाला मफ लावून आम्ही तासभर पंखात डोकं घालून बसायचो. त्या तासाभरात आमचं जितकं बोलणं झालं, तितकं एरवी आठवड्यात होत नसे. एलिव्हेटरच्या (शेपटीवरच्या हलत्या भागाच्या) पत्र्यावर मी एक भोक चुकीच्या जागी पाडलं, तेव्हा तो पत्रा नवा मागवायचा निर्णय बायकोने घेतला. मी तो वापरायच्या विचारात होतो.

पत्र्याच्या कामाला निदान लय असते. खरी कसोटी लागते ती छत आणि दारांची, कारण ती फायबरग्लासची. घासा, भरा, पुन्हा घासा. एक अख्खा हिवाळा त्यात गेला. दारांकडे विशेष लक्ष द्या. आरव्ही-10ची दारं हवेत उघडल्याच्या घटना झाल्यात आणि त्यानंतर कंपनीने जादा कडी दिली. ती बसवाच आणि उड्डाणाआधी दोन्ही दारं स्वतः हाताने तपासा. मागे मुलं बसलेली असतात.

पैशाबद्दल: शेपटीचं किट काही हजार डॉलरचं, त्यावरून पूर्ण खर्चाचा अंदाज बांधू नका. निम्म्याहून जास्त पैसा इंजिन, प्रोपेलर आणि उपकरणांत जातो. आज दीड लाख डॉलरच्या खाली विचारच करू नका. 2023च्या डिसेंबरात व्हॅन्स एअरक्राफ्टने दिवाळखोरी कायद्याचं संरक्षण घेतलं होतं. कंपनी त्यातून बाहेर आली, पण किटच्या किमती वाढल्या. त्यामुळे मोठी आगाऊ रक्कम भरताना घरात पुरेशी शिल्लक राहील, हे आधी बघा.

कायद्याची बाजू अमेरिकेत सोपी आहे. निम्म्याहून जास्त काम हौसेने किंवा शिकण्यासाठी केलेलं असायला हवं, म्हणून फोटो आणि तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं की चाचणीची उड्डाणं: इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर सहसा 25 तास, नाहीतर 40. या काळात कुटुंबाला बसवता येत नाही. नियम नसता तरी मी बसवलं नसतं. एनटीएसबी या अमेरिकेतल्या अपघात तपास संस्थेने 2012मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, त्यात विमानाच्या आयुष्याच्या सुरुवातीलाच धोका जास्त दिसला आणि इंजिन बंद पडणं व ताबा सुटणं ही प्रमुख कारणं निघाली. आमच्या घरी बायकोने एक नियम घातला: विमानाचे 100 तास होईपर्यंत आम्ही दोघं मुलांसह एकत्र उडायचं नाही. मला तो तेव्हा जाचला. आज तो सगळ्यांना सांगतो. तुमच्या आयुर्विम्याच्या पॉलिसीत खासगी उड्डाणाचं कलम आहे का, तेही आत्ताच वाचा.

आणखी एक. टेक्सासात वसंतात गडगडाटी ढग केव्हा उभे राहतील सांगता येत नाही, हिवाळ्यात ढगांत बर्फ धरतो आणि या विमानाला बर्फ काढायची सोय नसते. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडण्याची पात्रता, आधी घ्या. किटच्या आधी. ते असलं तरी काही रविवारी सेंट लुईसला अडकून पडाल, तेव्हा सोमवारची रजा मिळणारी नोकरी आहे ना, हे बघा. मुलांना “आज नाही जायचं” असं सांगणं मला सगळ्यात अवघड गेलं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं.

तुमच्या बायकोबद्दल प्रश्नात एक ओळही नाही. माझ्या बायकोला उन्हाळ्यातल्या दुपारच्या हेलकाव्यांत उलटी होते, हे आम्हाला भाड्याच्या सेसना 172मध्ये किट मागवायच्या आधी कळलं. म्हणून आम्ही पहाटे सहालाच निघतो. तुम्हीही पुढचे सहा महिने भाड्याचं विमान घेऊन चौघं फिरा. ईएए या हौशी विमानप्रेमींच्या संस्थेचा यंग ईगल्स उपक्रम 8 ते 17 वयाच्या मुलांना फुकट उडवतो, थोरलीला तिथे न्या. ईएएचे पत्र्याच्या कामाचे शनिवार-रविवारचे वर्ग असतात, ते दोघांनी करा. आणि ईएएच्या जवळच्या चॅप्टरमध्ये (स्थानिक शाखेत) कुणाचं अर्धवट आरव्ही-10 गॅरेजमध्ये असेल, तर परवानगी काढून एक संध्याकाळ तिथे बकिंग बार धरा. घरी परतताना दोघांना पुन्हा जावंसं वाटलं, तर मला निरोप पाठवा. माझ्याकडे रिव्हेटची एक जादा गन पडून आहे, ती मी तुम्हाला पाठवेन.